ओढण्याचे बळ आणि थांबविण्याचे बळ

उसाचा हंगाम तोंडावर आला की कृष्णा, पंचगंगा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील ट्रॅक्टरमालक आपली यंत्रे दुरुस्तीस लावतात. ही चाल स्तुत्य होय. परंतु या दुरुस्तीत काही ठिकाणी आणखी एका कामाची भर पडते. ट्रॅक्टर बनविणाऱ्याने इंधनपंपाला लावलेले सील तोडून पंपाचे डिझेल वाढवून घेतले जाते. एकाऐवजी दोन ट्रेलर चढणीवर न अडता निघावेत, एवढाच यामागील हेतू असतो.

हा हेतू समजण्यासारखा आहे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि काट्यापुढील रांगेत रात्रच्या रात्र जाते. अशा वेळी एका खेपेत दुप्पट माल जावा असे कोणासही वाटेल. मात्र पंप वाढविल्याने ओढण्याचे बळ वाढते, थांबविण्याचे बळ तसूभरही वाढत नाही. ते ब्रेकवर, टायरांच्या पकडीवर आणि ओढणाऱ्या यंत्राच्या वजनावर अवलंबून असते.

समजा, ट्रॅक्टरचे वजन सव्वादोन टन आहे आणि ऊस धरून दोन ट्रेलरांचे वजन १८ टन आहे. म्हणजे मागचा भार पुढच्याच्या आठपट झाला. ट्रेलरांना स्वतःचे ब्रेक नसतील, तर हा सारा भार ट्रॅक्टरच्या दोन मागील चाकांनी थोपवावयाचा असतो. त्यात वेग ताशी २० किलोमीटरवरून ३० वर गेला, तर थोपवावयाचा जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मागचे ट्रेलर पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागतात, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि मग चालकाच्या हाती काही उरत नाही.

म्हणून खर्चच करावयाचा तर तो आधी ट्रेलरच्या ब्रेकवर करावा. हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक ट्रेलरला बसविता येतात. जोडाची पिन झिजलेली नसावी, तिला अडकण असावी, आणि पिन तुटली तरी ट्रेलर सुटू नये यासाठी जाड साखळी असावी. जोड नेहमी खालच्या आकड्यालाच करावा. तो उंच घेतला तर चढणीवर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात.

शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून मागील चाकांचे ब्रेक दोन स्वतंत्र पायपट्ट्यांवर ठेवलेले असतात. फडातून रस्त्यावर येताच त्या कडीने एकत्र जोडावयाच्या असतात. ही कडी अनेक ट्रॅक्टरांवर गंजून बसलेली दिसते! तशा स्थितीत घाईने एकच पट्टी दाबली गेली, तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर त्या बाजूस फिरतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून घेणारे चालकही आहेत. त्यात वाचणारे डिझेल पळीभरही नसते.

वाढविलेल्या पंपाचा हिशेबही मालकाने मांडून पाहावा. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. इंजिन अधिक तापते, क्लच घसरू लागतो, पिस्टनचे आयुष्य घटते. शिवाय नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे. मर्यादेबाहेरील भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला आहे. एका खेपेत वाचविलेले भाडे त्यापुढे कोठे पुरणार?

तथापि सारा दोष मालकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. वाहतुकीचे करार करणाऱ्या साखर कारखान्यांनी ट्रेलरच्या मागे परावर्तक पट्ट्या लावून आपले काम संपले असे मानू नये. त्या पट्ट्या अवश्य असाव्यात, आणि लोंबणाऱ्या वाढ्यांखाली त्या व मागील दिवे झाकले जाऊ नयेत. परंतु करारापूर्वी ब्रेक, पिन व साखळी यांचीही तपासणी व्हावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने दसऱ्याच्या सुमारास गावातील ट्रॅक्टरमालकांना एका सपाट मैदानावर बोलवावे. रिकामा ट्रेलर जोडून सावकाश चालविताना ब्रेक दाबावयास सांगावे, आणि जो ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो, त्याच्या मालकाला त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे पाठवावे.