लोहचुंबकाचा पट्टा घेण्यापूर्वी

नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवले की काळा चुरा त्याला चिकटतो. त्यात बहुधा मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइड असते. प्रयोगशाळेत बनवलेले त्याचे अतिसूक्ष्म कण आज वैद्यकात कामी येतात.

कोविडच्या साथीत, २०२० साली, आपल्या ग्वाल्हेरच्या डीआरडीई संस्थेत रुग्णांचे नमुने तपासले गेले. त्याच वर्षी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने अशा कणांचा संच तयार केला. नमुन्यातील विषाणूचा आरएनए कणांना चिकटतो. चुंबकाने कण एका बाजूस ओढून बाकीचे धुऊन टाकतात. तपासणी त्यामुळे सोपी होते.

उपचारातही हे कण आले आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांतील पांडुरोगावर फेरुमॉक्सिटॉल हे इंजेक्शन अमेरिकेत २००९ साली मंजूर झाले. मात्र काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाल्याने २०१५ साली त्यावर कडक इशारा छापण्यात आला. खरे औषध आपले धोकेही सांगते.

जत्रेतला चुंबकाचा पट्टा मात्र सर्व रोगांवर गुण सांगतो, धोका एकही नाही! आमचे मत स्पष्ट आहे: त्यावर पैसे घालवू नयेत. रक्तातील लोह चुंबकाकडे ओढले जात नाही. एमआरआयच्या प्रचंड चुंबकातही नाही. पट्ट्याने रक्त वाढत नाही.

घरातील सुनेला, लेकीला थकवा किंवा धाप जाणवत असेल, पापणीची आतली बाजू फिकट दिसत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. गोळीसोबत लिंबू चालेल, चहा टाळावा.