ढब्बू पैशाची किंमत

नाण्यांचा संग्रह म्हटले की सोन्याच्या मोहरा, चांदीचे रुपये आणि ते परवडणारी मोठ्या घरची माणसे डोळ्यांसमोर येतात. माझा संग्रह एका लहानशा डब्यात मावतो आणि त्यात चांदीचे एकही नाणे नाही. तरीही हा छंद आपल्यासारख्यांचाच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रवेशाच्या वेळी फी कमी पडली, म्हणून वडिलांनी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या घरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली. आजीच्या गाडग्यातली नाणीही तराजूत पडली. मी त्यांतली मूठभर परत मागून घेतली. वडील म्हणाले, "फी भरायची का ढब्बू गोळा करायचे?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

नांदेडला उर्दू घेतलेल्या एका मित्राने त्यांतले दोन पैचे एक नाणे वाचून दाखवले. वेलबुट्टीसारख्या अक्षरांमागे टांकसाळीचे नाव निघाले : हैदराबाद. साल हिजरी १३४४, म्हणजे १९२५-२६. हा निजामाच्या राज्याचा स्वतःचा हाली शिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार! १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली, तरी हाली पुढे काही वर्षे चालत होता.

सुट्टीत मी आजीला नाणी दाखवली. ती म्हणाली, "माझ्या मायला खुरपणीचे रोज दोन आणे मिळायचे."

"हाली का कलदार?"

"हालीच की. आमाला कलदार कोण देतंय!"

मी हिशेब केला. तिचे दोन आणे कलदारात पावणेदोन आणेसुद्धा भरत नव्हते. मुक्तिसंग्रामातल्या पुढाऱ्यांची नावे आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि ते योग्यच आहे. पण खुरपणाऱ्या बाईचा रोज कोणत्या पुस्तकात शोधायचा? तो या तांब्यात आहे आणि आजीच्या तोंडी आहे. तांबे मोडीत जाते, आजी थकत चालली आहे.

म्हणून मित्रांनो, घरी गेल्यावर गाडगी-डबे पाहा. नाणी चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. लाखो रुपये मिळतील या जाहिरातींना भुलू नका. नाण्याशेजारी एक चिठ्ठी ठेवा : हे कुणी, कोणत्या कामाचे कमावले. ३० जून २०११ नंतर व्यवहारातून गेलेली चार आण्यांची नाणीही जपा. आपल्या गुरुजनांनी इतिहास विभागात यासाठी एक कपाट द्यावे, एवढीच विनंती.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला आता सापडले आहे. फीही भरायची आणि ढब्बूही राखायचे. नाहीतर शिकलेल्या पोराला आपल्याच घरचा हिशेब वाचता येणार नाही.