व्हीलचेअरचा ब्रेक का धरत नाही?

घरच्या व्हीलचेअरचा ब्रेक सरकू लागला की दोष ब्रेकला जातो. आम्ही म्हणतो, हवेचा टायर असेल तर आधी हवा पाहा. टायर बसला की ब्रेकची दांडी त्याला घट्ट टेकत नाही आणि वुजूसाठी उठताना दादीच्या खालून खुर्ची मागे जाते. टायरवर छापलेली असते तेवढीच हवा दोन्ही चाकांत भरा. ब्रेक लावून रिकामी खुर्ची ढकलून पाहा. तरी सरकली, तर पान्याने नट सैल करून ब्रेक टायरजवळ घ्या. तिथे तेल मुळीच नको. उठण्यापूर्वी पायपट्ट्या दुमडा. त्यांवर उभे राहिल्यास खुर्ची पुढे उलटते. पुढच्या लहान चाकांत गुंतलेले केस, ओढणीचे धागे जुम्म्याला काढावेत. आणि आमच्या बुलढाण्यात सपाट रस्ता कुठे! उतारावर खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून, मागे मागे उतरावे.