हप्ता बांधून दिला, मग व्याज कशाला चालू?

आमच्या वस्तीतील एक ताई चार घरची धुणीभांडी करते. नवरा बांधकामावर बिगारी होता. दीड वर्षापूर्वी तो परांचीवरून पडला, कमरेचे हाड मोडले आणि घरातली एक मजुरी कायमची बंद झाली. ताईच्या नावावर एका वित्तसंस्थेचे कर्ज होते. बाकी ६० हजार, महिन्याचा हप्ता ३ हजार. तीन हप्ते थकले तशी वसुलीवाल्याची दुचाकी दारात उभी राहू लागली. गटातल्या बायकांनी बोलणे टाकले, कारण तिचा हप्ता त्यांच्या अंगावर येत होता. अखेर शाखेत बोलावणे आले. साहेब म्हणाले, "ताई, तुमची अडचण समजली. हप्ता निम्मा करून देतो. महिन्याला दीड हजार भरा."

ताईने हात जोडले. पोटाला चिमटा घेऊन वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही. बारा महिन्यांत १८ हजार रुपये भरले. परवा ती खातेउतारा घेऊन माझ्याकडे आली. त्यावर बाकी होती ५५ हजार ९७६ रुपये! म्हणजे १८ हजार भरून कर्ज उतरले जेमतेम ४ हजारांनी. तिने विचारले, "भाऊ, माझे १४ हजार कोणी खाल्ले?"

कोणी चोरले नाहीत. हिशेब बरोबर आहे, आणि तेच भयंकर आहे. व्याजाचा दर दरसाल २४ टक्के, म्हणजे महिन्याला शेकडा दोन. ६० हजारांवर पहिल्या महिन्याचे व्याज झाले १२०० रुपये. दीड हजारातून मुद्दलात जमा झाले फक्त ३०० रुपये. साहेबांनी हप्ता निम्मा केला, पण व्याजाला हात लावला नाही. याच गतीने ही बाई हप्ते भरत राहिली तर ६० हजारांचे कर्ज फिटायला पावणेसात वर्षांहून अधिक काळ लागेल आणि तिच्या हातून सुमारे १ लाख २२ हजार रुपये जातील. हप्ता बांधून दिला त्याच दिवशी व्याज थांबवले असते, तर तेच कर्ज तेवढ्याच हप्त्यात ४० महिन्यांत फिटले असते.

दर महिन्याला शेकडा तीन असेल तर आणखी विचित्र गोष्ट घडते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर असे दर सर्रास लागतात. ६० हजारांवर महिन्याचे व्याज १८०० रुपये आणि हप्ता दीड हजार. माणूस वर्षभर प्रामाणिकपणे १८ हजार भरतो आणि वर्षाअखेरीस त्याची बाकी ६४ हजारांच्या वर गेलेली असते! याला कर्जफेड म्हणायचे काय? ही तर खंडणी झाली. फरक इतकाच की खंडणीला पावती मिळत नाही, हिला मिळते.

म्हणून या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. धनकोने अडचणीतल्या माणसाला हप्ते बांधून दिले आणि व्याज चालू ठेवले, तर ती सवलत नव्हे. ती मुदतवाढ आहे, आणि तीही धनकोच्या कमाईची.

हा खेळ आपल्या समाजाला नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कर्जाचे नियम आहेत. तिथे व्याजाचा दर वर्णावर ठरतो. ब्राह्मणाकडून महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. जो सर्वांत गरीब, त्याला सर्वांत महाग पैसा! त्याच अध्यायात कर्ज फेडण्याची रीतही सांगितली आहे. ऋणको धनकोच्या बरोबरीचा किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडावे. ऋणको वरच्या जातीचा असेल तर त्याने मात्र हळूहळू द्यावे. म्हणजे सवडीने, थोडे थोडे कर्ज फेडणे हासुद्धा वरच्यांचा मान होता. खालच्याने स्वतःचे अंग द्यायचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला तो उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियमही त्याच परंपरेतला आहे. खरे आहे. पण ज्याचा दर महिन्याला शेकडा पाच, त्याची दामदुपट वीस महिन्यांत होते. शेकडा दोनवाल्याची पन्नास महिन्यांत. मर्यादा सर्वांना एकच असली, तरी तिथे पोहोचण्याचा वेग वर्णाने ठरवलेला होता.

भारतीय संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशा कामगारावरचे वेठबिगारीचे कर्जच रद्द ठरवले. कागदावर माणूस मोकळा झाला. पण ऊसतोड कामगाराची उचल पाहा. हंगामात उचल फिटली नाही तर अनेक ठिकाणी राहिलेल्या बाकीवर व्याज चढते आणि पुढच्या हंगामाला तेच जोडपे कोयता घेऊन त्याच मुकादमाच्या टोळीत उभे राहते. अंगमेहनतीने फेड करण्याची जुनी रीत नाव बदलून चालूच आहे.

हप्ते द्यायचे आणि व्याज थांबवायचे, ही मागणी काही आकाशातून पडलेली नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंगलीचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्या धक्क्याने इंग्रज सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. न्यायालयाने नुसता कर्जरोखा न पाहता मागचा सगळा व्यवहार उकरून पाहावा आणि हप्ते बांधून द्यावेत, ते व्याजासह किंवा व्याजाविना, अशी तरतूद त्यात होती. परक्या सरकारलाही कळले होते की हप्ता आणि व्याज हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही हा दरवाजा आहे. आदेश २०, नियम ११ प्रमाणे पैशाच्या दाव्यात हुकूमनामा देताना न्यायालय, पुरेसे कारण असेल तर, करारात काहीही लिहिलेले असो, रक्कम हप्त्याने आणि व्याजासह किंवा व्याजाविना फेडण्याचा आदेश देऊ शकते. पण हे मागायचे असते हुकूमनामा होण्यापूर्वी. एकदा हुकूमनामा झाला की हप्ते मिळायला धनकोची संमती लागते. आणि आपली माणसे करतात काय? न्यायालयाचे समन्स आले की भीतीने घराला कुलूप लावून गावाला जातात. दावा एकतर्फी होतो आणि दरवाजा बंद होतो.

गरिबाला ही वाट कोणी दाखवत नाही. कंपन्यांसाठी मात्र राजमार्ग बांधलेला आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीचे प्रकरण दाखल करून घेतले की वसुलीची कारवाई थांबते आणि धनकोंचे दावे त्या तारखेपर्यंतच्या व्याजासह धरले जातात. पुढचे व्याज दाव्यात चढत नाही. त्याच संहितेत वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न आणि ३५ हजारांपर्यंत कर्ज असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या माणसासाठी 'नव्या सुरुवाती'ची तरतूद लिहिलेली आहे. तो भाग सामान्य कर्जदारासाठी अद्याप अमलात आणलेला नाही. कारखानदाराचे व्याज गोठते, धुणेवालीचे वाढत राहते. समान नागरिक म्हणतात ते हेच काय?

कोरोनाच्या काळात हा प्रश्न साऱ्या देशाने अनुभवला. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते स्थगित करण्याची मुभा मिळाली. लोकांना वाटले, सुटलो. पण व्याज चालूच होते आणि त्या व्याजावर व्याज चढत होते. २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या काळातील चक्रवाढ किंवा दंडव्याज कोणत्याही कर्जदाराकडून घेता येणार नाही. मात्र साधे व्याज माफ करण्याचा आदेश न्यायालयाने दिला नाही. अर्धा न्याय मिळाला, अर्धा अजून बाकी आहे.

सावकारांसाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. त्या वर्षीच्या अधिसूचनेने विनातारण कर्जाला शेतकऱ्यासाठी दरसाल १२ आणि इतरांसाठी १८ टक्के अशी कमाल मर्यादा घातली. वस्तीत चालणारा दर महिन्याला शेकडा दहा, म्हणजे दरसाल १२० टक्के! विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. पण आता वस्तीत सावकारापेक्षा वित्तसंस्था जास्त आहेत. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या अशा संस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे जिच्याकडे सर्वाधिक बाया कर्जदार आहेत, तिलाच दामदुपटीचे बंधन नाही.

रिझर्व्ह बँकेने काही नियम जरूर केले आहेत. २०२२ च्या सूक्ष्म कर्जाच्या नियमांनुसार उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावायचा, साऱ्या कर्जावर नव्हे. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करून छळायचे नाही. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज आकारायला मनाई केली. हे चांगलेच झाले. पण हप्ता बांधून दिल्यावर मूळ व्याजाचे काय, यावर मौन आहे.

मग तोपर्यंत आपण काय करायचे? हप्ता बांधून घेताना चार गोष्टी लेखी मागायच्या. आजच्या तारखेला बाकी नेमकी किती. पुढचे व्याज थांबवणार की नाही. थांबवणार नसाल तर निदान दर किती कमी करणार. भरलेला पैसा आधी मुद्दलात जमा होणार काय. कारण तसे ठरले नसेल तर तो आधी व्याजातच जातो. आणि शेवटचा हप्ता किती तारखेचा. तोंडी आश्वासनावर अंगठा द्यायचा नाही. संस्थेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी लागत नाही. लोकअदालतीत तडजोड करताना तर डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण त्या निवाड्यावर अपील नसते. वकिलाला पैसे नाहीत ही सबबही नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्याचे कार्यालय असते.

धनकोंची बाजूही ऐकू. ते म्हणतात, व्याज थांबवले तर उद्या कोणी वेळेवर फेडणार नाही, आणि गरिबाला कर्ज कोण देणार? पण बुडीत जाण्याचा धोका गृहीत धरूनच गरिबाला चढा दर लावलेला असतो. त्याची किंमत आधीच वसूल झालेली असते. शिवाय आम्ही सरसकट माफी मागत नाही. खरोखर अपघात, आजार किंवा बेकारी आली आहे आणि माणूस हप्ता द्यायला तयार आहे, त्याचे व्याज गोठवा एवढेच म्हणतो. ४० महिन्यांत पूर्ण मुद्दल परत येते. छळ करून पळवून लावलेला कर्जदार काय देणार?

आणि एक कडू गोष्ट आपल्या माणसांनाही सांगितली पाहिजे. वस्तीत शेकड्याने पैसे फिरवणारा नेहमी परका नसतो. तो कधी आपल्याच गल्लीतला असतो, जयंतीच्या वर्गणीत त्याचा आकडा सर्वांत मोठा असतो. आपले बचत गटही सभासदाकडून महिन्याला शेकडा दोन घेतात आणि आजारी बाईचे व्याज थांबवायचा ठराव करायला कचरतात. दुसऱ्याकडे न्याय मागताना आपल्या वहीत तो लिहिलेला असला पाहिजे. प्रत्येक गटाने ठराव करावा की घरात अपघात वा मृत्यू झाल्यास सहा महिने व्याज बंद. याला सरकारची परवानगी लागत नाही.

सरकारकडे मागणी दोन ओळींची आहे. दिवाळखोरी संहितेतील गरिबांचा भाग अमलात आणा आणि त्यातील जुन्या, तोकड्या मर्यादा वाढवा. आणि हप्ते पुन्हा बांधून दिलेल्या छोट्या कर्जावर व्याज गोठवण्याचा नियम रिझर्व्ह बँकेकडून करवून घ्या.

ताईचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. आजची बाकी ५५ हजार ९७६ धरा, पुढचे व्याज थांबवा, दीड हजाराने ३८ महिन्यांत फेडते, असे त्यात म्हटले आहे. खाली तिने स्वतः सही केली आहे. पोच घेतली आहे आणि तीस दिवस मोजायला सुरुवात झाली आहे.