पारडं कुणाचं जड, हे पटाला विचारा



"सर, समोरच्याचा धंदा जोरात आहे, आपलं काही खरं नाही." हे वाक्य मला जवळपास प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं. त्याच बॅचमध्ये दुसरा कुणीतरी म्हणतो, "सर, आपलं एकदम सेट झालंय, दुसरी शाखा काढतोय." दोघांनाही मी एकच विचारतो : मोजलंत का? बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही.

म्हणून आज थोडं बुद्धिबळाबद्दल बोलू. डाव चालू असताना पारडं कुणाचं जड आहे हे ओळखणं ही या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट. जगज्जेत्यांचीही इथे फसगत झाली आहे. तीन डाव सांगतो.

पहिला डाव मे 1997 मधला, न्यूयॉर्कचा. गॅरी कास्पारोव विरुद्ध आयबीएमचा संगणक डीप ब्लू. सहा डावांच्या सामन्यातला पहिला डाव कास्पारोवने जिंकला होता. दुसऱ्या डावात संगणकाने त्याला हळूहळू आवळत नेलं आणि 45 व्या चालीनंतर कास्पारोवने डाव सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की त्या स्थितीत शहावर शह देत बरोबरी साधायची वाट होती. कास्पारोवने ती शोधलीच नाही. एवढा ताकदवान संगणक अशी वाट उघडी ठेवेल, हे त्याच्या मनालाच पटलं नसावं. पुढे तो सामना त्याने साडेतीन विरुद्ध अडीच असा गमावला.

दुसरा डाव 2006 चा, जर्मनीतल्या बॉनचा. जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ हा संगणक. दुसऱ्या डावात क्रामनिक काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, तेही जिंकण्यासाठी. 34 व्या चालीला त्याने वजीर पुढे नेऊन वजिरावजिरी देऊ केली. संगणकाने वजिरांची अदलाबदल केलीच नाही, सरळ मात दिली. एका चालीत मात! क्लबात नवीन आलेल्या मुलालाही दिसावी अशी. स्वतःच्या बेतात गुंतलेल्या जगज्जेत्याला आपल्याच राजावरची मात दिसली नाही.

तिसरा डाव आपल्या विश्वनाथन आनंदचा. नोव्हेंबर 2014, रशियातलं सोची, जगज्जेतेपदाचा सामना. समोर मॅग्नस कार्लसन. पाच डावांनंतर अडीच-अडीच अशी बरोबरी. सहाव्या डावात आनंद बचाव करत होता, पारडं कार्लसनकडे झुकलेलं होतं. 26 व्या चालीला कार्लसनने राजा चुकीच्या घरात नेला. आनंदने तिथे घोड्याने प्यादं मारलं असतं, तर पुढच्या काही चालींत दोन प्यादी वर मिळाली असती आणि डाव फिरला असता. आनंदने मात ठरवून ठेवलेली दुसऱ्या बाजूच्या प्याद्याची चाल फार न थांबता खेळून टाकली. कार्लसन सुटला आणि 38 चालींत डाव जिंकला. सामनाही त्यानेच साडेसहा विरुद्ध साडेचार असा जिंकला. नंतर आनंदने मोकळेपणाने मान्य केलं की समोरून अशी भेट येईल अशी अपेक्षाच नव्हती.

आता बघा, तिघांच्याही हुशारीत काही कमी होती का? नाही. एकाने समोरच्याच्या ताकदीवर विश्वास ठेवून आपण हरलो असं मानलं. दुसऱ्याने आपलं चांगलं चाललंय म्हणून स्वतःचा राजा बघितला नाही. तिसऱ्याने "हा माणूस चुकणार नाही" असं गृहीत धरलं. त्या क्षणी तिघांनीही पटावर काय आहे हे नव्याने पाहिलं नाही. आधीच मनात बसलेलं चित्रच त्यांनी पाहिलं.

मीही हेच केलंय. प्रशिक्षक होण्याआधी तालुक्याच्या गावी कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. एक रुपया पान. समोर नवीन दुकान आलं. दोन नव्या मशीन, एसी, साठ पैसे पान. त्याच्याकडे रांग, माझ्याकडे रिकामा स्टूल. तीन महिने मी रोज ती रांग बघितली आणि शेवटी मशीन निम्म्या किमतीत विकून मोकळा झालो. वर्षभराच्या आत ते समोरचं दुकानही बंद पडलं. नंतर एकदा मी माझी जुनी वही उघडली, तेव्हा कळलं की माझा निम्म्याहून जास्त नफा बाइंडिंग आणि लॅमिनेशनमधून येत होता. ती गिऱ्हाइकं शेवटच्या महिन्यापर्यंत माझ्याकडेच येत होती. रांग झेरॉक्सची गेली होती, धंदा गेला नव्हता. मी डाव सोडला तेव्हा तो हरलेला नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आमच्या क्षेत्रात "पॉझिटिव्ह राहा" हा सल्ला फार स्वस्त झालाय. क्रामनिक पॉझिटिव्हच होता. पॉझिटिव्ह असणं किंवा घाबरणं हे दोन्ही मूड आहेत, हिशोब नाही. आणि डाव सोडणं म्हणजे भित्रेपणा, असंही माझं म्हणणं नाही. मोठे खेळाडू हरलेला डाव वेळेत सोडतात आणि पुढच्या डावाची तयारी करतात. तोट्यातला धंदा वेळेत बंद करणारा माणूसही शहाणाच. फक्त तो आधी मोजतो.

मोजायचं कसं? बुद्धिबळ शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात : वजीर नऊ, हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन, प्यादं एक. पण लगेच हेही सांगतात की नुसती बेरीज करू नका. राजा सुरक्षित आहे का बघा. कुठली मोहरी कामात आहेत, कुठली कोपऱ्यात अडकलीत ते बघा. आणि प्रत्येक चालीआधी समोरच्याने आत्ता काय केलं हे नव्याने बघा.

धंद्यात विक्री म्हणजे ती बेरीज. राजा म्हणजे हातातली रोकड. विक्री दणक्यात असूनही रोकड संपली की मात होते. उधारीत अडकलेला पैसा म्हणजे कोपऱ्यात अडकलेला हत्ती : तुमचाच आहे, पण कामाला येत नाही.

या रविवारी एक तास काढा. वहीत चार गोष्टी लिहा. आज हातात रोकड किती? नवी विक्री झालीच नाही, तर भाडं, पगार आणि हप्ते त्यात किती महिने निघतील? उधारी किती आणि त्यातली खरंच येणारी किती? नफा नेमका कुठल्या मालातून किंवा कामातून येतो? पाचवी ओळ स्पर्धकासाठी : त्याच्याबद्दल मला नक्की माहीत काय आहे आणि मी नुसतं धरून काय चाललोय?

ही पाचवी ओळ लिहिताना बऱ्याच जणांचा पेन अडतो. माझाही अडला असता. समोरच्याची रांग मला रोज दिसत होती. त्याचं भाडं किती, मशीनचा हप्ता किती, साठ पैशात त्याला उरतंय काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुकान बंद करायचं असो की दुसरी शाखा काढायची असो, निर्णय त्या वहीसमोर बसून घ्या. समोरच्या रांगेकडे बघून नको.