वानर पळेल, कोसा कसा पळेल?

मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या घाटात वानरांची टोळी दिसली की आपण गाडी थांबवतो. लेकरं हरखतात. पण त्याच जंगलात ऐनाच्या फांदीला लटकणारा टसर रेशमाच्या पतंगाचा कोसा कुणाच्या नजरेत भरत नाही.

दोघंही पानांवर वाढतात. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं, म्हणून त्याला जून पाला पचतो. टसरची अळी ऐन-अर्जुनाची पानं खाते. पुढे तिचा पतंग झाला की त्याला खायला तोंडच नसतं. मोजक्या दिवसांत जोडीदार गाठायचा, अंडी घालायची, की आयुष्य संपलं!

जंगलाचं देणं दोघंही फेडतात. वानरांनी टाकलेला पाला चितळं खातात, वानर खाकरलं की वाघाची चाहूल लागते. पतंगांच्या अळ्यांवर पाखरांची पिल्लं पोसली जातात. इतर कितीतरी जातींचे पतंग रात्री फुलाफुलांवर फिरून पराग पोचवतात.

उन्हाळ्यात मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. कुठे जळती विडी पडते. जंगल जाळायचं कुणाच्या मनात नसतं, तरी वणवा भडकतो. वानर पिल्लाला पोटाशी धरून पळतं. कोसा जागीच होरपळतो, कारण आतला जीव पावसाची वाट पाहत निजलेला असतो.

1973-74 मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटाची निवड झाली. वाघासाठी जंगल राखलं, त्याचा आसरा वानरांनाही मिळाला. आता कोशातल्या या मुक्या, चिमुकल्या जिवांसाठीही आपण उभं राहू या. अजून वेळ गेलेली नाही.

मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करू, चादर अंथरून फुलं वेचू. जंगलात विडी-काडी नेणारच नाही, असं ठरवू. धूर दिसला की वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करू. वानरांना बिस्किटं, चणे टाकू नका; त्या सवयीनं ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. पतंग दिव्यांकडे ओढले जातात, म्हणून जंगलालगतच्या घरांनी, हॉटेलांनी रात्री नको असलेले दिवे मालवावेत.

शिक्षकांनो, जुलैच्या शेवटी जगभर पतंग सप्ताह पाळला जातो. अमरावती, अकोला, अकोट, परतवाड्याच्या शाळांनी एका रात्री थोडा वेळ पांढरी चादर टांगून दिवा लावावा, येतील ते पतंग मुलांना दाखवावेत. एकदा ओळख झाली की मुलं त्यांना जपतील.

मेळघाटापासून नरनाळ्यापर्यंतचं हे रान आपलं आहे. चला, येत्या उन्हाळ्यात आपल्या हातून एकही ठिणगी पडू द्यायची नाही!