पेशा बदलतो, शिदोरी राहते

चेन्नईच्या वायव्येस असलेल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचा खडखडाट आणि संगणकावरील कामकाज आज शेजारी शेजारी नांदतात. तेथील एखाद्या कारखान्याच्या खरेदी विभागात पंधरा वर्षे काढलेल्या कर्मचाऱ्याने ग्रंथपाल होण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर घरचे विचारतील, ‘या वयात पुस्तकांवरील धूळ झटकणार का?’ शंका स्वाभाविक आहे. रास्त मात्र नाही.

याच शहरात प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणित शिकविणारे डॉ. एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी ते या कामाला कंटाळले, पुन्हा वर्गात जाऊ पाहत होते. लंडनला ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केल्यावर मात्र ते त्यातच रमले. १९३१ मध्ये त्यांची पंचसूत्रे आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. गणिताची शिस्त त्यांनी मागे टाकली नाही; ती ग्रंथालयात आणली.

ई-संसाधनांच्या ग्रंथपालालाही जुनी शिदोरी अशीच उपयोगी पडते. छापील अंक विकत घेतला की कपाटात राहतो. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाची वर्गणी थांबली आणि करारात तशी तरतूद नसली, तर जुने अंकही दिसेनासे होतात. हा व्यवहार घर खरेदीचा नव्हे, भाडेकराराचा आहे. कराराची कलमे बारकाईने वाचणे, दराची घासाघीस करणे, प्रत्येक वापरामागे पडलेला खर्च काढणे, हे काम खरेदी विभागात मुरलेल्या माणसाला नवे नाही.

त्याची गरजही मोठी आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले असून तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके येतात. या पैशाचे चीज व्हायचे, तर संशोधकाला हवा तो लेख हाती देणारा जाणकार हवा.

अर्थात उत्साहाला हिशेबाची जोड हवी. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि सर्वसाधारणपणे ‘नेट’ लागते. तोवर घरखर्च आणि कर्जाचे हप्ते यांची तजवीज आधी करावी. शक्य तेथे नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने शिकावे.

खतावणीवरून संगणकाकडे वळलेल्या बँक कर्मचाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. साधन बदलले, तरी चोख हिशेबाची सवय त्यांच्या कामी आलीच.